नाक्यापलीकडच्या चार फेऱ्या

माझ्या आत्याकडे चार जुन्या मोटारी आहेत. त्यांतल्या तीन जास्तीच्या आहेत असं माझं मत आहे, आणि ते मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे.

"कोणत्या तीन?" तिनं विचारलं होतं.

"कोणत्याही."

"कोणत्याही? मांजरीची पिल्लं हायेत का गं ती, पोत्यात भरून सोडून यायला?"

मग मी तिला धूर, पेट्रोल आणि जागा या तिन्ही मुद्द्यांवर जे बोलायचं ते बोलले. ती झेंडूला पाणी भरत होती. माझं संपल्यावर तिनं फावड्यानं मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या सरीत घेतलं आणि म्हणाली, "पत्रकात छाप."

मी नाशिकमध्ये पायी चालणाऱ्या लोकांसाठी काम करते. आमचा गट छोटा आहे. फुटपाथवर गाडी लावणारा माणूस दुसऱ्याची जमीन ढापतो, हे आम्ही साध्या भाषेत लिहितो, छापतो आणि चौकाचौकात वाटतो. लोक पत्रक घेतात, त्यात भजी गुंडाळतात. भजी संपल्यावर तरी वाचतील म्हणून आम्ही मथळा मोठा ठेवतो. मी गाडी चालवायला शिकलेली नाही आणि शिकणार नाही. हे आधी सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं गाड्यांबद्दल आहे आणि कुणाला वाटेल की मी बदलले. मी बदललेले नाही.

आमचं शेत मखमलाबादच्या पुढे आहे. द्राक्षं आमच्याकडे कधीच नव्हती, फुलंच. झेंडू, शेवंती आणि गुलाब. आत्या लग्नानंतर वर्षभरात माहेरी परत आली ती कायमची. का आली हे तिनं कुणाला सांगितलं नाही आणि आमच्या घरात कुणी विचारलं नाही. तिच्या वाट्याला फुलं बाजारात पोचवण्याचं काम आलं. त्या काळी गावातून एक टेंपो सगळ्यांची फुलं घेऊन जायचा. आत्याचं म्हणणं होतं की टेंपोत गुलाब दबतो. खालून हादरे बसतात, वरून शेवंतीची पोती पडतात, आणि बाजारात पोचेपर्यंत पाकळीला काळी कड येते. मोटारीच्या मागच्या सीटला स्प्रिंग असते, तिच्यावर गुलाब झोपून जातो. हे तिचं शब्दशः वाक्य आहे: गुलाब झोपून जातो.

म्हणून पहिली पद्मिनी आली. साईच्या रंगाची. शहरातल्या एका डॉक्टरांना ती नको झाली होती. आत्यानं तिच्यावर गाडी शिकून घेतली आणि मागच्या सीटवर ओलं गोणपाट अंथरून पहाटे गुलाब न्यायला लागली. मग झेंडू वाढला म्हणून अँबेसेडर आली, कारण तिच्या डिकीत क्रेट उभे राहतात. मग ओम्नी आली. काँटेसा का आली याला कारण नाही. मी कारण विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "तिचं नाक बघ की." मी पाहिलं. लांब होतं.

आता फुलं माझा चुलतभाऊ पिकअपमधून नेतो. गुलाब खोक्यात असतात, दबत नाहीत. म्हणजे आत्याच्या गाड्यांना गेल्या कित्येक वर्षांत काम उरलेलं नाही. त्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये शेजारी शेजारी उभ्या असतात, जशी एखाद्या घरात लग्न न झालेली भावंडं राहतात. आत्या रोज सकाळी चहाच्या आधी तिथं जाते आणि एक एक गाडी सुरू करून ऐकते. पुसत नाही फारशी. काँटेसाच्या छतावर कोंबडी बसलेली असते, ती उठवत नाही. पण इंजिन ऐकते, बॉनेटवर हात ठेवून. वैद्य नाडी बघतो तसं म्हणणार होते, पण वैद्याला घाई असते. आत्याला नसते.

शौकीन लोक अधूनमधून येतात. जुन्या गाड्या जमवून मिरवणूक काढणारे. एक गृहस्थ गॉगल लावून आले होते आणि पद्मिनीभोवती फिरत म्हणाले, "मॅडम, ओरिजिनल आहे का?"

"ओरिजिनल मालक वारला. ओरिजिनल इंजिन गेलं. दारं तेवढी तीच हायेत," आत्या म्हणाली. "तुमचं काय काय ओरिजिनल हे?"

गृहस्थ हसले आणि चहा पिऊन गेले. आत्याला तो प्रकार आवडत नाही. गाडी ट्रेलरवर चढवून नेतात, कापडानं पुसतात, फोटो काढतात, पुन्हा ट्रेलरवर चढवतात. "मग ती गाडी कसली, पालखीच की," असं तिचं म्हणणं. या एका बाबतीत मी तिच्याशी सहमत आहे.

पंधरा वर्षांवरच्या गाडीला पुन्हा नोंदणी लागते, तपासणी लागते, कर लागतो. ती ते सगळं वेळेवर करते. कायद्यानं तिला पकडता येत नाही. मी पाहिलं आहे.

आता तिचा नेम.

फुलवाल्यांच्या घरात दसरा हा सण नसतो, हंगाम असतो. आधीच्या दोन रात्री कुणी झोपत नाही, आणि दसऱ्याच्या सकाळी गावातले सगळे पेठ रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग लावून बसतात. दुपारी ढीग उतरले की आमच्याकडे गाड्यांची पूजा होते आणि मग आत्या सीमोल्लंघनाला निघते. चारही गाड्या, एकामागून एक, स्वतः चालवत, पेठ रस्त्यावरच्या जुन्या जकात नाक्यापर्यंत. नाका ओलांडायचा, पलीकडच्या आपट्याची पानं घ्यायची, परत यायचं, पुढची गाडी काढायची. चार गाड्या, चार फेऱ्या. सगळं सूर्य मावळायच्या आत. नाका कधीच गेला. खोली पाडली, बांबू गेला, पावती फाडणारे गेले. फक्त रस्त्याच्या कडेला एक फुटका चौथरा उरला आहे. आत्याला मी एकदा म्हटलं की शहराची हद्द आता कुठल्या कुठे गेली, तू ओलांडतेस ते नक्की काय? ती म्हणाली, "नाका गेला, जागा गेली का?"

पूर्वी तिच्याकडे पाचवी गाडी होती, एक हेराल्ड. एका दसऱ्याला ती नाक्याच्या अलीकडे बंद पडली आणि ट्रॅक्टरला बांधून घरी आणावी लागली. गळ्यात हार, कपाळावर कुंकू, आणि पुढे दोरी. चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. कुणीतरी ओरडलं, "आत्याबाई, वरातीचा नवरा पळाला का?" आत्या घरी आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली की जी गाडी दसऱ्याला आपल्या इंजिनावर नाका ओलांडत नाही, ती माझ्या शेडमध्ये राहणार नाही. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. तो गाडी कापत होता तेवढा वेळ आत्या गुलाबात वाकून कळ्या खुडत होती. फेऱ्या त्याआधीही होत्या, पण त्या दिवसापासून हा नेम आहे. गावाला माहीत आहे. दसरा जवळ आला की टपरीवरून विचारणा होते, "आत्याबाई, यंदा कोणाचा नंबर?"

गेल्या दसऱ्याला नंबर पद्मिनीचा होता. तिचं पाणी टिकत नव्हतं. वॉटर पंप गळत होता, त्याचा भाग नाशिकमध्ये मिळाला नाही. मालेगावच्या जुन्या बाजारातून आणलेला बसला, पण पूर्ण बसला नाही. चढावर इंजिन तापून काटा वर जायचा.

माझ्या चुलतभावाला हे सोयीचं होतं. त्याला ती शेड हवी आहे. गुलाब खुडल्यावर निवडायला, जुड्या बांधायला, खोक्यात भरायला त्याच्याकडे सावलीची जागा नाही. बायका पिकअपच्या सावलीत बसून जुड्या बांधतात आणि सावली सरकली की त्याही सरकतात. आणि शेजारी चार गाड्या पत्र्याखाली गार बसलेल्या. त्याचं म्हणणं मला पूर्ण पटतं. गाडीला सावली आणि बाईला ऊन, यावर तर मी आख्खं पत्रक काढलं असतं. पण तो आत्याला तोंडावर काही बोलत नाही. नुसता वाट बघतो. एक गाडी गेली तर शेडचा एक भाग रिकामा होईल, एवढा त्याचा हिशेब.

आणि याच वर्षी आमच्या गटाला यश मिळालं. ते सांगते.

दसऱ्याच्या सकाळी पेठ रस्त्यावर जे फुलवाले बसतात, त्यांच्या पायावरून दरवर्षी गाड्या जातात. अगदी अक्षरशः. मागच्या वर्षी एका बाईच्या ढिगात मोटारसायकल घुसली. झेंडू रस्त्यावर, बाई झेंडूवर, आणि मोटारसायकलवाला तिलाच विचारतो, "रस्त्यावर कशाला बसता?" आम्ही त्यावर वर्षभर लिहिलं. मागणी एकच: दसऱ्याच्या दिवशी तेवढा पट्टा सकाळपासून रात्रीपर्यंत गाड्यांना बंद. सह्या गोळा केल्या. पहिली सही आत्याची. ती म्हणाली, "आण इकडं," आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कागद ठेवून सही केली. दसऱ्याच्या आठवड्यात परवानगी आली. दोन्ही टोकांना लोखंडी अडथळे लागले. मी सकाळी तिथं उभी होते. बायका रस्त्याच्या मधोमध ढीग लावून बसल्या होत्या, एक आजी तर चक्क आडवी झाली होती. मला आमच्या कामाचा इतका सरळ परिणाम पूर्वी कधी दिसला नव्हता.

दुपारी घरी आले तर शेडसमोर पूजा चालली होती. आई चाकांपुढे लिंबं ठेवत होती. चुलतभाऊ हार बांधत होता. मला बघून तो म्हणाला, "या पुढारीणबाई. रस्ता बंद केलाय म्हणे तुम्ही."

"केलाय."

"मग आत्या नाक्यावर कशानं जाणार? विमानानं?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, असं नाही. आलं होतं. पण एका बाईच्या चार जुन्या गाड्यांसाठी चाळीस बायकांचा रस्ता गाड्यांना खुला ठेवायचा नसतो. मी तसं म्हटलं. आत्या शेडमधून बाहेर आली, पदर खोचत.

"बरोबर बोलू राहिली ती. सही माझीच हे. खाणीवरनं जाऊ."

खाणीचा रस्ता म्हणजे पाटाच्या कडेनं जाऊन जुन्या दगडखाणीचा चढ चढायचा आणि पलीकडे उतरून नाक्याच्या जरा अलीकडे पेठ रस्त्याला लागायचं. कच्चा रस्ता, एकच गाडी जाईल एवढा. तो चढ पद्मिनी आजवर कधी चढली नव्हती. चुलतभावानं हाराची गाठ मारताना आईकडे पाहिलं.

अँबेसेडर गेली आणि आली. काँटेसा गेली आणि आली, तिच्या लांब नाकाला खाणीतली धूळ लागून. ओम्नी तर काहीच कुरकुर न करता गेली. तिच्याकडून कुणी अपेक्षाच ठेवत नाही. प्रत्येक वेळी आत्या उतरायची, आपट्याची पानं आईच्या ताटात टाकायची, घोटभर पाणी प्यायची आणि पुढच्या गाडीत बसायची. तिसऱ्या फेरीनंतर ती पाणी प्यायला ओट्यावर बसली नाही, खांबाला टेकून उभी राहिली. मी विचारलं, "दमलीस का?" तर म्हणाली, "गाडी दमते, मी नाय."

पद्मिनीत आम्ही तिघी होतो. आत्या चाकावर, आई शेजारी पूजेचं ताट मांडीवर घेऊन, मी मागे. मागची सीट कधीचीच काढलेली आहे, मी उलट्या क्रेटवर बसले होते आणि माझ्या दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन होते. मला तिथं बसवायचं कारण तेच, चढावर काटा वर गेला की पाणी ओतायला कुणीतरी हवं. चुलतभाऊ मागून मोटारसायकलवर. तो म्हणाला मदतीला येतो. मला वाटतं तो बघायला येत होता.

पाटाच्या कडेनं सगळं ठीक गेलं. चढ सुरू झाल्यावर आत्यानं स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा खाली ओढून पहिला गिअर टाकला. आम्ही तिघी काट्याकडे बघत होतो. काटा अर्ध्यावर होता. आई पुटपुटत होती, देवाचं की काय ते ऐकू येत नव्हतं. अर्धा चढ झाला. काटा अर्ध्यावरच.

आणि समोरून ट्रॅक्टर आला. झेंडूनं मढवलेला, मागे ट्रॉलीत कुणाचं तरी आख्खं कुटुंब. त्याला मागे जाता येत नव्हतं. आत्यानं गाडी कडेला घेऊन थांबवली. ट्रॅक्टर अंगाला अंग घासत गेला. ट्रॉलीतल्या बाया हात हलवून म्हणाल्या, "सोनं घ्या, आत्याबाई!" आत्यानं मान हलवली. हात सोडले नाहीत.

मग तिनं गाडी उचलायला बघितली आणि गाडी मागे आली.

हातभर आली असेल. इंजिन आचका देऊन बंद पडलं. आत्यानं ब्रेक दाबला, किल्ली फिरवली, इंजिन लगेच सुरू झालं. पुन्हा उचलायला बघितली. पुन्हा मागे, पुन्हा आचका, पुन्हा बंद. आईच्या ताटातली पानं सांडली. तिसऱ्यांदा तर गाडी चांगली घसरली आणि कडेच्या दगडांना टेकून थांबली. मी क्रेटवरून पडले आणि एका कॅनचं झाकण उडून माझी सलवार भिजली. चुलतभावानं मोटारसायकल टाकली, धावत येऊन मागच्या चाकाखाली धोंडा लावला.

मग तो खिडकीशी आला.

"आत्या, झालं. हेराल्डचीच गत झाली."

आत्या समोर बघत होती.

"आत्या?"

"काटा बघ," ती म्हणाली.

त्यानं खिडकीतून डोकं आत घालून बघितलं. काटा अर्ध्यावरच होता.

"मग?"

आत्यानं किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं आणि शांत चालत राहिलं. तिनं त्याला बाहेरून बॉनेटवर हात ठेवायला लावला. "बघ. चालू हे का नाय?"

"चालू हे. पण चढत नाय ना!"

"ती चढती. माझा पाय नाय चढू राहिला." तिनं डावा गुडघा दोन्ही हातांनी धरून क्लचवरून उचलून बाजूला ठेवला, सामान ठेवावं तसा. "तिसऱ्या फेरीपासनं नाय. क्लच धरला की थरथरतो. अर्धा सोडायला जाते, पुरता सुटतो."

आई म्हणाली, "वन्सं! आणि इतका वेळ बोलला नाहीत?"

"बोलून काय, तुम्ही क्लच धरणार होता का?"

चुलतभाऊ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याला आत्याचं वाईट वाटलं असावं, पण शेडही दिसत असावी. "हे बघ आत्या, तू स्वतः म्हटलीस. नेम म्हणजे नेम. गाडी नाक्याच्या अलीकडं थांबली. कशानं थांबली त्याला काय अर्थ? सगळ्या गावासमोर तू..."

"नेम गाडीचा आहे," मी मागून म्हणाले.

तो वळला. "तू कुणाच्या बाजूनं हेस? तुला तर चारही नको होत्या."

"अजूनही नको आहेत. पण नेमाचे शब्द असे आहेत, जी गाडी आपल्या इंजिनावर नाका ओलांडत नाही ती. आपल्या इंजिनावर. कुणाच्या पायावर, हे त्यात नाही. शब्द आहेत ते आहेत. तुला बदलायचे असतील तर पुढच्या दसऱ्याला बदल."

मला पद्मिनी वाचवायची नव्हती. नियमाचा चुकीचा वापर झालेला मला सहन होत नाही, मग तो नियम कुणाचाही असो. चुलतभावानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचा ढीग तुडवला.

"मग चालवणार कोण? तू?"

"मी चालवत नाही."

"माहितीये. पत्रकात वाचलंय."

आईला गाडी येत नाही. उरला तो. हे आम्हा चौघांनाही एकदमच कळलं. खाली पाटाच्या बाजूनं आणखी एका ट्रॅक्टरचा आवाज येऊ लागला. सूर्य समोरच्या टेकडीवर टेकायला आला होता.

आत्यानं दार उघडलं. उजवा पाय बाहेर टाकला, मग डावा हातानं उचलून बाहेर काढला. आईच्या खांद्यावर भार टाकून गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. आई माझ्याशेजारी मागे आली, ताटासकट. आत्या पुढे डावीकडे बसली. मी तिला त्या बाजूला बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. पदर कुठं ठेवायचा, हात कुठं ठेवायचे, तिला कळेना.

"बस," ती चुलतभावाला म्हणाली. "तुला शेड पायजे ना? मुद्दाम बंद पाडशील तर पाड. मी काय म्हणणार नाय."

तो बसला. सीट मागे सरकवायला गेला, ती सरकेना. गुडघे स्टिअरिंगला लागत होते. दांड्याचा गिअर त्यानं कधी टाकला नव्हता. पहिल्यांदा त्यानं टाकला तो दुसराच पडला आणि गाडी खाकरली.

"वढ आन् खाली घे. खाली! ती काय पिकअप हे का?"

"आत्या, मला करू दे."

"कर की. करत कुठं हेस?"

इंजिन ओरडलं, आईनं माझा हात धरला, आणि गाडी धोंडा सोडून वर निघाली. गचके देत. पहिल्या गिअरमध्येच, संपूर्ण चढ. काटा वर गेला. माथ्यावर पोचेपर्यंत लाल पट्टीच्या काठाला लागला. मी कॅन घेऊन उतरायला लागले तर आत्या म्हणाली, "थांब. आता उतार हे, वारं लागलं की उतरतो." आणि उतरला. आम्ही पेठ रस्त्याला लागलो, बंद पट्ट्याच्या पुढे. रस्ता मोकळा होता. चुलतभावानं तिसरा टाकला, मग चौथा. दोन्ही बरोबर पडले. त्यानं खिडकीवर कोपर टाकलं. पिकअपमध्ये तो तसं करत नाही.

फुटका चौथरा मागे गेला. त्यानं आपट्यापाशी गाडी थांबवली.

"बंद करू नको," आत्या म्हणाली.

तो आणि आई पानं तोडायला उतरले. मी आत्याला म्हटलं, "ओलांडला नाका. आता प्रश्न मिटला."

"तिचा मिटला."

"म्हणजे?"

"मी कुठं ओलांडला? मला बसवून आणलं."

मी तिला सांगितलं की दुपारपासून तिनं तीनदा नाका ओलांडला आहे, स्वतः, आणि हे मोजायला शाळेत जावं लागत नाही.

"हेराल्डनं सात वर्षं ओलांडला होता," ती म्हणाली. "आठव्याला नाय ओलांडला. मी तिला सात वर्षं मोजून दिली नाय."

नियमाचे शब्द मीच अर्ध्या तासापूर्वी सगळ्यांना ऐकवले होते, त्यात ती कुठंच नव्हती. पण तिनं स्वतःला त्यात घातलं आणि मला काढता येईना. मी रागावले. गुडघ्यावर इलाज असतो, डॉक्टर असतात, असं बरंच बोलले. ती "हं, हं" करत राहिली.

चुलतभाऊ पानं घेऊन आला आणि तिच्या पाया पडला. आत्यानं कमरेच्या पिशवीतून किल्ल्या काढल्या. चारही एका सुतळीत होत्या. त्या तिनं त्याच्यापुढे धरल्या.

"मला नको," तो म्हणाला. एकदम, न लाजता. "आत्या, खरं सांगतो. मला गाड्यांचा नाद नाय. मला शेड पायजे. बाया उन्हात बसू राहिल्या."

मला वाटलं आता ती चिडेल. ती हसली. पूर्ण दात दाखवून.

"मग बोललास का नाय इतके दिस? नुसता मुंगसासारखा बघत राहायचा." मग ती थांबली. बॉनेटकडे बघत, इंजिन ऐकत. "घे शेड. दिवसा तुझी, रात्री त्यांची. सकाळी बाया यायच्या आत गाड्या बाहेर काढायच्या, संध्याकाळी आत लावायच्या. ढकलून नाय. इंजिनावर. चारही. रोज."

तो हिशेब करत उभा राहिला. आई गालात हसत होती. शेवटी तो म्हणाला, "काँटेसा पण? तिला वळायला किती जागा लागती माहितीये का?"

"माहितीये. मीच वळवती."

"रविवारी?"

"रविवारी गुलाब खुडत नाय का तू?"

त्यानं किल्ल्या घेतल्या.

तेव्हापासून असं चाललं आहे. बायका सावलीत बसून जुड्या बांधतात. गुलाब तिथंच खोक्यात जातात. शेडच्या भिंतीला चुलतभावानं फळ्या ठोकल्या. आत्या गुडघ्याला तेल लावून घेते, डॉक्टरकडे दोनदा जाऊन आली, पण चाकावर बसलेली नाही. गाड्या दिवसभर बाहेर शेताच्या रस्त्याला उभ्या असतात, चौघी ओळीनं.

आणि तिथं माझा त्यांच्याशी वाद झाला, तो खरा वाद. तो रस्ता काही आमच्या मालकीचा नाही. त्यावरून मळ्यातल्या बायका चालतात, शाळेची मुलं चालतात. पहिल्या आठवड्यात मी गेले तर काँटेसाचं नाक निम्म्या रस्त्यात आणि डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई तिला वळसा घालून बांधावरून चाललेली. मी चुलतभावाला जे बोलले ते इथं लिहीत नाही. आत्यालाही बोलले. शेड मिळाली म्हणून रस्ता खायचा नसतो. तुमच्या गाड्यांचं प्रेम तुमच्या जागेत करा.

"मग काय करू?" चुलतभाऊ म्हणाला. "एक विकू?"

आत्या घरातून चुन्याच्या फक्कीची पिशवी घेऊन आली आणि एका हातानं काठी टेकत, दुसऱ्या हातानं फक्की सोडत, रस्त्याच्या कडेनं लांबलचक पांढरी रेघ मारत गेली. रेघ वाकडी आली. दोन ठिकाणी ती थांबली होती तिथं ढीग झाला. शेवटी मला म्हणाली, "एवढी जागा पुरती का चालायला? भारा घेऊन चाल, आन् सांग."

मी भारा घेतला नाही, पण चालले. पुरत नव्हती. मी सांगितलं. तिनं पायानं रेघ पुसली आणि गाड्यांच्या बाजूला हातभर सरकवून दुसरी मारली.

आता संध्याकाळी गाड्या आत घ्यायच्या वेळी ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसते आणि चुलतभावाला रिव्हर्स सांगते. तो तिचं ऐकत नाही, ती त्याचं बघत नाही, इंजिनाकडे कान लावून असते. परवा मी गेले तेव्हा त्यानं अँबेसेडर पहिल्या झटक्यात आत घातली आणि उतरून म्हणाला, "आत्या, हिचा आवाज बदललाय. डाव्या बाजूला."

"सोमवारपासनं," आत्या म्हणाली. "म्हटलं बघू, तुला कधी ऐकू येतंय."